कर्णधार बदलला की संघ बदलतो का? एका क्लबच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नागपूरच्या लीगमध्ये खेळणाऱ्या एका क्लब संघाचे व्यवस्थापन तुम्ही पाहता. गेल्या हंगामात हाच संघ चांगला खेळला होता. या हंगामात कर्णधारपद संघातील सर्वांत भरवशाच्या फलंदाजाकडे दिले आणि पहिल्या सहा सामन्यांपैकी चार हातचे गेले. शिवाय त्याच्या स्वतःच्या धावाही आटल्या. आता क्लबमधील काही ज्येष्ठ मंडळी हंगामाच्या मध्यावरच कर्णधार बदला असा आग्रह धरत आहेत, तर काहींचे म्हणणे असे की मैदानावर अकरा जण खेळतात, एकट्या कर्णधाराने काय होणार. कर्णधारामुळे संघाच्या कामगिरीत खरोखर फरक पडतो का, आणि या परिस्थितीत त्याला बदलावे का, हे तुम्ही विचारले आहे.

मी या शहरात बरीच वर्षे क्लब क्रिकेट खेळलो, काही हंगाम कर्णधारही होतो आणि त्यानंतर वयोगटातील मुलांना व क्लब संघांना प्रशिक्षण देत आलो आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की 'कर्णधारामुळे किती फरक पडतो' या प्रश्नाला असे मोकळे उत्तर देता येत नाही. तुम्हाला खरे तर हे शोधायचे आहे की त्या चार पराभवांत कर्णधाराच्या हातात नेमके काय काय होते, आणि जे हातात होते ते त्याने कसे हाताळले. फरक पडतो, हे मी ठामपणे म्हणेन. मात्र लोक समजतात त्यापेक्षा तो कमी असतो आणि लोक जिथे पाहतात त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी असतो. सामना मर्यादित षटकांचा आहे की दोन-तीन दिवसांचा, संघ कर्णधार निवडतो की समिती, आणि हाताशी गोलंदाज किती आहेत, यांवर तो फरक कमी-जास्त होतो. ज्याच्याकडे मोजून चारच गोलंदाज आहेत त्या कर्णधाराला निवड करायला जागाच उरत नाही. ज्याच्याकडे सहा आहेत त्याचे नेतृत्व मात्र प्रत्येक तासाला पणाला लागते.

आधी जे कर्णधाराच्या हातात नसते ते बाजूला काढू या. समजा, तुमचा संघ आणि त्याचे सर्व प्रतिस्पर्धी अगदी तोडीस तोड आहेत आणि प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी आहे. अशा संघाने सहापैकी चार किंवा त्याहून अधिक सामने गमावण्याची शक्यता ६४ पैकी २२, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी अधिक असते. याचा अर्थ असा की तुमच्या संघात काहीही बिघडलेले नसतानाही असा निकाल सहज लागू शकतो. गेल्या हंगामातील चांगली कामगिरीही काही अंशी अशाच अनुकूल योगांची असू शकते, हे ज्येष्ठ मंडळींना सांगणे अवघड असले तरी सांगावे लागेल. सहा सामन्यांच्या निकालावरून कर्णधाराची पारख करणे मला मान्य नाही, मग तो निकाल त्याच्या बाजूचा असो वा विरुद्ध.

दुसरी गोष्ट खेळपट्टीची आणि उपलब्ध खेळाडूंची. ऑक्टोबर २००४ मध्ये नागपुरातील सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर ऑस्ट्रेलियाने भारताला ३४२ धावांनी हरवले आणि १९६९-७० नंतर प्रथमच भारतात कसोटी मालिका जिंकली. त्या सामन्यात दोन्ही संघांचे नेहमीचे कर्णधार मैदानावर नव्हते: गांगुलीच्या जागी द्रविड होता आणि जखमी पॉन्टिंगच्या जागी ॲडम गिलख्रिस्ट. निकालावरून नेतृत्व मोजायचे तर गिलख्रिस्ट द्रविडपेक्षा कितीतरी थोर कर्णधार ठरेल, आणि ते निष्कर्ष म्हणून हास्यास्पद होईल. खेळपट्टीवर गवत होते, जेसन गिलेस्पीने सामन्यात नऊ गडी बाद केले आणि डेमियन मार्टिनने ११४ व ९७ धावा केल्या. गिलख्रिस्टचे श्रेय वेगळ्या जागी आहे. त्या दौऱ्यावर ऑस्ट्रेलियाने जे ठरवले होते, म्हणजे यष्ट्यांच्या रोखाने सरळ मारा करायचा, सीमारेषेवर क्षेत्ररक्षक ठेवून चौकार रोखायचे आणि भारतीय फलंदाजांच्या संयमाची परीक्षा पाहायची, त्यापासून तो ढळला नाही. आधीच्या दौऱ्यांवर आक्रमक क्षेत्ररचनेचा अभिमान बाळगणाऱ्या संघाला हा मार्ग रुचणारा नव्हता, तरीही प्रत्येक गोलंदाजाला आपल्याकडून काय हवे आहे हे ठाऊक होते. योजना आधी तयार असेल आणि सर्वांना पटलेली असेल, तर बदली कर्णधारही ती यशस्वीपणे राबवू शकतो, एवढा धडा त्यातून निश्चित घेता येतो.

आता जे हातात असते त्याकडे येतो. माझ्या मते कर्णधाराच्या कामाचा सर्वांत मोठा हिस्सा म्हणजे गोलंदाजीची वाटणी: चेंडू कोणाला द्यायचा, कोणत्या टोकाकडून द्यायचा, कोणत्या फलंदाजासमोर द्यायचा, किती षटकांनी काढून घ्यायचा, आणि त्याच्यामागे क्षेत्ररचना कोणती लावायची. फलंदाजी सुरू झाल्यावर कर्णधार क्रम ठरवण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. खेळपट्टीवर गेलेला फलंदाज स्वतःच्या बळावर खेळतो. गोलंदाजीच्या प्रत्येक षटकात मात्र कर्णधाराचा निर्णय मिसळलेला असतो. म्हणून नेतृत्व पाहायचे असेल तर धावफलकावरील गोलंदाजीचा भाग पाहावा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जामठ्याचे, म्हणजे नागपूरजवळच्या व्हीसीएच्या नव्या मैदानाचे आहे. नोव्हेंबर २००८ मधील ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी या मैदानावरची पहिलीच कसोटी होती. भारत मालिकेत १-० असा पुढे होता, म्हणजे बरोबरी साधण्यासाठी ऑस्ट्रेलियाला जिंकणे भाग होते आणि भारताला सामना अनिर्णित राहिला तरी चालणार होते. भारताच्या ४४१ धावांना उत्तर देताना तिसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलिया दोन बाद १८९ अशा भक्कम स्थितीत होता. त्या दिवशी धोनीने ऑफच्या बाजूला (फलंदाजाच्या बॅटकडील बाजू) आठ आणि लेगच्या बाजूला (त्याच्या पायांकडील बाजू) एकच क्षेत्ररक्षक ठेवला, आणि झहीर खान व ईशांत शर्मा यांनी ऑफ यष्टीच्या बरेच बाहेर मारा चालू ठेवला. ऑस्ट्रेलियाच्या उरलेल्या आठ गड्यांनी मिळून केवळ १६६ धावा जोडल्या आणि डाव ३५५ वर आटोपला. त्या डावपेचावर नकारात्मकतेची टीका भरपूर झाली.

मुलांना हा सामना समजावून सांगताना माझा भर आठ-एकच्या आकड्यावर नसतो. तो निर्णय का चालला हे मी सांगतो. पहिले कारण म्हणजे ती क्षेत्ररचना पेलणारे गोलंदाज त्याच्याकडे होते. लेगच्या बाजूला एकच माणूस असताना एखादा चेंडू जरी पायांवर पडला तरी चौकार ठरलेला, आणि झहीर व ईशांत यांनी दिशा सोडली नाही. दुसरे कारण म्हणजे मालिकेची स्थिती त्याने नीट वाचली होती. घाई ऑस्ट्रेलियाला होती, त्यामुळे धावा रोखणे हाच गडी बाद करण्याचा मार्ग ठरला. तुमच्या कर्णधाराने दूरचित्रवाणीवर पाहिलेली एखादी क्षेत्ररचना आपल्या गोलंदाजामागे लावली आणि तो गोलंदाज षटकातून दोन चेंडू पायांवर टाकत असेल, तर चूक क्षेत्ररचनेची नाही. आपल्या गोलंदाजाला काय जमते याचा विचार त्याने केलेला नाही, ही ती चूक आहे.

त्याच सामन्याचा चौथा दिवस दुसरी बाजू दाखवतो. दुसऱ्या डावात भारताची अवस्था सहा बाद १६६ झाली होती, आघाडी आवाक्यात होती आणि सामना खुला झाला होता. परंतु ऑस्ट्रेलियाची षटके ठरलेल्या वेळेपेक्षा बरीच मागे पडली होती आणि कर्णधारावर बंदीची कारवाई होण्याचा धोका होता. पॉन्टिंगने कॅमेरून व्हाइट, मायकेल क्लार्क आणि मायकेल हसी यांच्याकडे चेंडू सोपवून षटके भराभर उरकायला सुरुवात केली. धोनी आणि हरभजन यांनी शतकी भागीदारी केली, डाव २९५ पर्यंत गेला आणि ऑस्ट्रेलिया १७२ धावांनी हरला. पॉन्टिंगवर त्या एका सत्रासाठी झोड उठली, पण मला त्या चुकीचे मूळ आधीच्या सत्रांत दिसते. षटकांमधील वेळ वाया जाणे, क्षेत्ररक्षकांची सावकाश हालचाल, प्रत्येक चेंडूनंतरची चर्चा, हे सारे तेव्हाच आवरले असते तर निर्णायक क्षणी त्याला त्याच्या प्रमुख गोलंदाजांपासून दूर जावे लागले नसते. वेळेचे हे भान प्रेक्षकांच्या नजरेला येत नाही आणि क्लब क्रिकेटमध्ये तर ते फारच दुर्लक्षिले जाते.

मर्यादित षटकांत हाच प्रश्न उरलेल्या षटकांच्या रूपाने समोर येतो. ५ मार्च २०१९ रोजी जामठ्यालाच भारताने ऑस्ट्रेलियासमोर २५१ धावांचे लक्ष्य ठेवले होते. शेवटची पाच षटके उरली असताना ऑस्ट्रेलिया जिंकण्याच्या स्थितीत होता. कोहलीच्या मनात ४६वे षटक विजय शंकरला देण्याचा विचार होता. धोनी आणि रोहित शर्मा यांनी बुमराह व शमी यांनाच चालू ठेव, गडी मिळाले तर सामना आपलाच आहे, असा सल्ला दिला, हे कोहलीने सामन्यानंतर स्वतःच सांगितले. बुमराहने त्या षटकात दोन गडी बाद केले. अर्थात त्यामुळे अखेरच्या षटकासाठी बुमराह व शमी यांची षटके संपली आणि ११ धावा रोखण्याचे काम विजय शंकरकडे आले. त्याने तीन चेंडूंत दोन गडी बाद करून आठ धावांनी सामना जिंकून दिला.

या प्रसंगातून मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. उत्तम गोलंदाजाला शेवटच्या षटकासाठी राखून ठेवणे ही आपल्याकडच्या बहुतेक कर्णधारांची सवय आहे आणि त्यातून अनेकदा असे होते की ते शेवटचे षटक येईपर्यंत सामना निसटलेला असतो आणि त्या गोलंदाजाची दोन षटके तशीच शिल्लक राहतात. सामना ज्या षटकात फिरू शकतो ते षटक ओळखून तिथे आपला सर्वोत्तम गोलंदाज लावणे हे खरे कौशल्य आहे. दुसरी गोष्ट अशी की कोहलीसारखा शतक ठोकून आलेला, पूर्ण अधिकार असलेला कर्णधार ऐन क्षणी दोघांचे ऐकतो आणि स्वतःचा विचार बदलतो. त्याने त्याचा अधिकार कमी झाला नाही, कारण निर्णय आणि जबाबदारी शेवटी त्याचीच राहिली. तुमचा कर्णधार मैदानावर कोणाशी बोलतो, किंवा कोणाशीच बोलत नाही, हे जरूर पाहा.

संघनिवडीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तुमच्याकडे ती समिती करते असे तुम्ही म्हटले आहे. मार्च २०१६ मध्ये ट्वेंटी-२० विश्वचषकात न्यूझीलंडने जामठ्याची खेळपट्टी पाहून टिम साऊदी आणि ट्रेंट बोल्ट या आपल्या दोन्ही नामांकित वेगवान गोलंदाजांना बाहेर बसवले आणि तीन फिरकीपटू खेळवले. १२६ धावांचा बचाव करताना त्यांनी भारताला ७९ वर गुंडाळले, आणि दहापैकी नऊ गडी त्या तिघा फिरकीपटूंनी, म्हणजे सँटनर, सोधी व नेथन मॅक्युलम यांनी टिपले. असा निर्णय केन विल्यमसन एकटा घेत नाही, त्यामागे प्रशिक्षक असतो. पण तो निर्णय मैदानावर निभावण्यासाठी कर्णधाराला तो मनापासून पटलेला असावा लागतो. पहिले षटकच त्याने ऑफस्पिनर मॅक्युलमला दिले आणि त्याच षटकात शिखर धवन पायचीत झाला. समितीने निवडलेला संघ जर तुमच्या कर्णधाराला पटत नसेल तर तो निवडलेल्या सहाव्या गोलंदाजाला दोन षटकांपलीकडे वापरणार नाही, आणि मग दोष कोणाचा यावर वाद होत राहतील. त्याला निवडीच्या बैठकीत बसवा. त्याचे मत नेहमी चालायलाच हवे असे नाही, पण ते ऐकले गेले पाहिजे.

आता तुमच्या कर्णधाराच्या आटलेल्या धावांबद्दल. सर्वोत्तम खेळाडूला कर्णधार करण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती धोक्याची आहे असे मी नेहमी सांगतो. १९८१ च्या ॲशेस मालिकेत, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेत, इंग्लंडचा कर्णधार सुरुवातीला अष्टपैलू इयान बॉथम होता. पहिली कसोटी इंग्लंडने गमावली, दुसरी अनिर्णित राहिली आणि लॉर्ड्सच्या त्या दुसऱ्या कसोटीत बॉथम दोन्ही डावांत शून्यावर बाद झाला. त्यानंतर आधीचा कर्णधार माइक ब्रेअर्लीला परत बोलावले गेले. तिसऱ्या कसोटीत हेडिंग्लेला फॉलोऑननंतर, म्हणजे पहिल्या डावात फार मागे पडल्याने लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागल्यावर, बॉथमने नाबाद १४९ धावा केल्या, बॉब विलिसने ४३ धावांत आठ गडी बाद केले आणि इंग्लंडने १८ धावांनी सामना जिंकला. पुढे मालिकाही ३-१ अशी जिंकली. ब्रेअर्लीची कसोटीतील फलंदाजीची सरासरी २३ च्याही खाली होती, पण ३१ कसोटींत नेतृत्व करून त्याने १८ जिंकल्या आणि फक्त चार गमावल्या.

ही कथा कर्णधाराच्या जादूची म्हणून सांगितली जाते, ते मला पटत नाही. धावा बॉथमने केल्या आणि गडी विलिसने घेतले. ब्रेअर्लीने जे केले ते लहान आणि नेमके होते: बॉथमच्या डोक्यावरचे ओझे उतरले आणि तो मोकळेपणाने खेळू लागला, आणि विलिसला दुसऱ्या टोकाकडून, वाऱ्याच्या दिशेने आणि उताराकडे धावत गोलंदाजी करायला दिली, तिथून त्याने सामना फिरवला. ज्या टोकाकडून विलिस आधी टाकत होता तिथूनच टाकत राहिला असता तर काय झाले असते हे सांगता येत नाही, पण निर्णय गोलंदाजीच्या वाटणीचाच होता, हे लक्षात घ्या. तुमच्यासाठी त्यातून निघणारा प्रश्न असा: तुमचा हा फलंदाज कर्णधार झाल्यावर कोणत्या प्रकारे बाद होत आहे? पूर्वी ज्या चेंडूंना सोडून देत असे त्यांना आता मारायला जात असेल, किंवा क्षेत्ररक्षणानंतर लगेच सलामीला जाऊन पहिल्या चार षटकांत बाद होत असेल, तर ते ओझ्याचे लक्षण आहे आणि त्याचा क्रम एक-दोन जागांनी खाली आणून पाहता येईल. तो चांगल्या चेंडूंवर बाद होत असेल तर कर्णधारपदाचा त्याच्याशी संबंध जोडू नका.

आपल्या विदर्भाच्या संघाकडे पाहिले तर नेतृत्वाबद्दल आणखी एक महत्त्वाची गोष्ट दिसते. २०१७-१८ मध्ये फैज फझलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने रणजी करंडक प्रथमच जिंकला, आणि पुढच्या हंगामात तो राखला. पहिल्या वर्षी अनेकांनी त्याला नशीब म्हटले होते. कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना केवळ पाच धावांनी जिंकला होता, त्यामुळे तसे म्हणायला वाव होता. दुसऱ्या वर्षी जामठ्यावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवल्यावर ती शंका उरली नाही. यात फझलचे श्रेय किती, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचे किती, आणि वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज संघात असण्याचे किती, हे वेगळे करता येत नाही, आणि कोणी आकड्यांत वेगळे करून दाखवले तर मी विश्वास ठेवणार नाही. एवढे मात्र दिसते की पहिल्या विजेत्या हंगामात फझलने स्वतः ९१२ धावा केल्या आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या नावाच्या खेळाडूला बरोबर घेऊन संघ चालवला. जाफरसारख्या खेळाडूचा सल्ला घेणारा पण निर्णय स्वतः घेणारा कर्णधार मिळणे ही संघाची मोठी मिळकत असते.

२०२४-२५ चा हंगाम तर तुमच्या ज्येष्ठ मंडळींना आवर्जून सांगावा असा आहे. त्या वर्षी एकदिवसीय विजय हजारे स्पर्धेत विदर्भाचा कर्णधार करुण नायर होता आणि संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. त्याच हंगामात रणजीत कर्णधार होता यष्टिरक्षक अक्षय वाडकर, आणि कसोटीत त्रिशतक केलेला करुण नायर त्याच्या हाताखाली खेळत होता. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात नायरने पहिल्या डावात ८६ आणि दुसऱ्या डावात १३५ धावा केल्या. विदर्भाला पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी मिळाली होती, तेवढीच करंडकासाठी पुरेशी होती, म्हणून दुसऱ्या डावात संघ शांतपणे फलंदाजी करत राहिला आणि केरळला परत सामन्यात येण्याची संधीच दिली नाही. डाव घोषित करून विजयाच्या मागे धावण्याचा मोह तिथे टाळणे हाही नेतृत्वाचाच निर्णय होता. कर्णधारपद हा मान नसून संघातील एक काम आहे, आणि ते काम वेगवेगळ्या प्रकारच्या क्रिकेटमध्ये वेगवेगळ्या माणसांना देता येते, हे या हंगामात आपल्याच संघाने दाखवले.

इथपर्यंतचे म्हणणे एकत्र करून सांगायचे तर सामन्यांचे निकाल बाजूला ठेवा, त्याच्या स्वतःच्या धावा वेगळ्या पाहा, आणि गोलंदाजीची वाटणी, वेळेचे भान व संघाशी असलेला संवाद या तीन ठिकाणी त्याला तपासा. ते कसे तपासायचे याची माझी एक पद्धत आहे, आणि ती मला आजवर सर्वांत उपयोगी ठरलेली आहे. सामना चालू असताना गुणलेखकाच्या शेजारी बसावे आणि गोलंदाजीतील प्रत्येक बदलासमोर एक खूण करावी. सामना संपल्यावर, शक्यतो राग-लोभ निवल्यानंतर, कर्णधाराला विचारावे की अमुक षटकात अमुक गोलंदाजाला का आणले. मग तोच प्रश्न त्या गोलंदाजाला स्वतंत्रपणे विचारावा: तुला त्या वेळी का आणले होते, आणि तुझ्याकडून काय अपेक्षित होते? दोघांची उत्तरे जुळली तर संघ हरला असला तरी नेतृत्व काम करत आहे असे समजावे. कर्णधार म्हणतो की डावखुऱ्या फलंदाजाला बाहेर जाणारा चेंडू हवा होता, आणि गोलंदाज म्हणतो की माझी पाळी आली म्हणून दिला असेल, तर तिथे दोष सापडला. असा दोष दुरुस्त होतो, आणि तो दुरुस्त करण्यासाठी कर्णधार बदलावा लागत नाही.

याच्या जोडीला आपल्या शहराच्या हवामानाशी निगडित काही गोष्टीही पाहाव्यात. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या सामन्यात पहिल्या तासाभरात दव आणि गारव्यामुळे चेंडू थोडा हलतो. त्या वेळात तुमचा कर्णधार स्लिप (यष्टिरक्षकाशेजारचा क्षेत्ररक्षक) किती षटके ठेवतो, आणि पहिला चौकार गेल्याबरोबर ती काढून टाकतो का? मार्चनंतर ऊन चढू लागले की मध्यमगती गोलंदाजाकडून सलग सात-आठ षटके टाकून घेणे म्हणजे त्याला दुपारच्या सत्रातून गमावणे. तो तीन-चार षटकांचे छोटे टप्पे करतो का? एकाच क्षेत्ररक्षकाला दोन्ही टोकांकडून सीमारेषेवर धावडवत ठेवतो का? नवा फलंदाज आला की पहिल्या सहा चेंडूंसाठी क्षेत्ररक्षक जवळ आणतो, की आधीच्या जम बसलेल्या फलंदाजासाठी लावलेली रचना तशीच राहू देतो? यांतील प्रत्येक गोष्ट लहान आहे, परंतु अटीतटीच्या सामन्यात दहा-पंधरा धावांचा आणि एका गड्याचा जो फरक असतो तो यांतूनच तयार होतो. शंभर धावांनी हरलेल्या सामन्यात मात्र हे शोधत बसू नका. तिथे समोरचा संघ तुमच्यापेक्षा चांगला होता, एवढेच खरे असते.

आता बदलावे की नाही. तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून माझे मत असे की हंगामाच्या मध्यावर बदलू नये. नवा कर्णधार आला की गोलंदाजांना पुन्हा पहिल्यापासून त्याची सवय करून घ्यावी लागते, आणि त्याच्यावर पहिल्या पराभवापासूनच तोच दबाव येतो. शिवाय काढून टाकलेला कर्णधार संघातच राहणार आहे आणि तो तुमचा सर्वांत भरवशाचा फलंदाज आहे, याचाही विचार व्हायला हवा. माझे हे मत दोनच परिस्थितींत बदलेल. वैयक्तिक रागापोटी तो एखाद्या गोलंदाजाला हेतुपुरस्सर षटके देत नसेल, तर एका सामन्याचीही वाट पाहू नये. आणि संघातील खेळाडूंनी त्याच्याशी बोलणेच थांबवले असेल, सल्ला देणे सोडून दिले असेल, तर उरलेल्या हंगामात ते परत जुळणे कठीण असते. या दोन्ही गोष्टी तुमच्या पत्रात कुठे दिसल्या नाहीत.

त्याऐवजी त्याला आधार द्या. उपकर्णधार म्हणून एखादा अनुभवी गोलंदाज नेमा आणि त्याला मिड-ऑफला उभे करा, म्हणजे गोलंदाजाशी प्रत्येक चेंडूनंतर बोलता येईल. कर्णधार स्वतः स्लिपमध्ये किंवा कव्हरला राहू दे. नाणेफेक, संघाची यादी, पंचांशी बोलणे, उशिरा येणाऱ्यांना समज देणे ही कामे तुम्ही व्यवस्थापक म्हणून जितकी वाटून घ्याल तितके बरे. पुढच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कर्णधार, उपकर्णधार आणि यष्टिरक्षक यांना अर्धा तास एकत्र बसवा, प्रतिस्पर्ध्यांच्या पहिल्या पाच फलंदाजांसमोर कोण कोणत्या टोकाकडून टाकणार हे कागदावर लिहून घ्या आणि त्याच रात्री प्रत्येक गोलंदाजाला त्याचे काम फोनवरून कळवायला कर्णधारालाच सांगा. असे तीन-चार सामने झाल्यावर दोघांना विचारायचा तो प्रश्न पुन्हा विचारा, आणि उत्तरे तेव्हाही जुळत नसतील तर हंगाम संपताच नवा कर्णधार निवडा. त्या वेळी संघातील सर्वांत जास्त धावा कोणाच्या आहेत हे न पाहता गोलंदाज ज्याच्याशी आपणहून बोलायला जातात त्या खेळाडूचा आधी विचार करा.